गाळलेल्या पानांतला हिशेब

व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ उघडली की पहिली चौदा प्रकरणे नायकाचा पत्ताच लागत नाही. भेटतो तो एका आडगावचा म्हातारा बिशप, आणि त्याच्या घरखर्चाची यादी. वर्षाचा पगार १५,००० फ्रँक. त्यातले स्वतःसाठी १,०००, आणि तेवढेच, म्हणजे आणखी १,०००, कर्जापायी तुरुंगात पडलेल्या घरकर्त्या पुरुषांना सोडवण्यासाठी. बाकीचे कुठे किती गेले तेही ह्यूगो ओळीखाली ओळ मांडत जातो, किराणा दुकानदाराने वहीत मांडावे तसे. या कादंबरीबद्दल जगभरच्या वाचकांची जी जुनी तक्रार आहे, तिचा उगम याच पानांवर आहे: गोष्ट सुरू कधी होणार? पुढे ही तक्रार वाढतच जाते. वॉटर्लूची लढाई, मठांचा इतिहास, चोरांची बोली, पॅरिसची गटारे. प्रत्येक ठिकाणी कथा थांबते आणि लेखक बोलत सुटतो. पाच भाग, ४८ पुस्तके, ३६५ प्रकरणे. रोज एक प्रकरण वाचले तरी वर्ष लागावे. म्हणून तर या कादंबरीचा वाचनेतिहास हा बऱ्याच अंशी तिच्यातली पाने गाळण्याचा इतिहास आहे. कोणी काय गाळले आणि काय ठेवले, यावरून वाचक कसा होता ते कळते. मराठी वाचकाबद्दल, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात बसून वाचणाऱ्याबद्दल, हे अधिकच खरे आहे.

आधी मूळ प्रतिक्रिया पाहू. १८६२ च्या एप्रिल ते जून या काळात कादंबरी तीन हप्त्यांत बाहेर आली. ह्यूगो तेव्हा तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीला विरोध करून गर्न्झी बेटावर परागंदा झालेला होता, आणि ब्रुसेल्सच्या लाक्र्वा या प्रकाशकाने त्याला हक्कांपोटी ३ लाख फ्रँक मोजले होते. १५ मेला पुढचे भाग आले तेव्हा पॅरिसच्या पुस्तकविक्रेत्याच्या दारात झुंबड उडाली. कामगारांनी वर्गणी काढून एक प्रत घ्यावी आणि आळीपाळीने वाचावी, असेही घडले. हा रडणारा वाचक. दुसरा होता नाक मुरडणारा, आणि तो बहुतेक लेखकांतलाच. फ्लोबेरला या पुस्तकात ना सत्य दिसले ना थोरपण. अशी वेश्या, असा कैदी, असे क्रांतिकारक असतात तरी कुठे, असा त्याचा खासगी पत्रातला सवाल होता. बोदलेरने छापील परीक्षणात कौतुक केले आणि आईला लिहिताना त्याच पुस्तकाला शिव्या घातल्या. तिसरा वाचक घाबरलेला. कवी आणि राजकारणी लामार्तिन याने १८६३ मध्ये या कादंबरीवर सविस्तर लिहिले. त्याचे म्हणणे असे, की जनतेला अशक्याची ओढ लावणे हे सगळ्यांत घातक. १८६४ मध्ये रोमच्या धर्मपीठाने ती निषिद्ध पुस्तकांच्या यादीत घातली. या तिघांत पुस्तक सर्वांत नीट कोणी वाचले, असे विचारले तर माझे उत्तर आहे: घाबरलेल्यांनी. रडणाऱ्याने माणसे पाहिली, नाक मुरडणाऱ्याने शैली पाहिली. घाबरलेल्याने त्यातला आरोप ओळखला, आणि तो आरोप आपल्यावरच आहे हेही ओळखले.

मराठीत ही कादंबरी आली ती मुख्यतः पहिल्या वाटेने. साने गुरुजींनी तिचे ‘दुःखी’ या नावाने मराठी रूप केले. मूळ ग्रंथाच्या मानाने ते अगदी आटोपशीर आहे, आणि गुरुजींच्या हृदयाशी जे नाते सहज जुळले तेच त्यात उतरले: करुणा, क्षमा, माणसातल्या चांगुलपणावरचा विश्वास. हिंदी पडद्यावर सोहराब मोदींचा ‘कुंदन’ १९५५ मध्ये आला, तोही याच कथेवर. अनेक मराठी घरांत ज्याँ वालज्याँ माहीत आहे तो असा: पाव चोरला, शिक्षा झाली, बिशपने चांदीची भांडी दिली, माणूस पालटला. एवढे सांगितले की डोळे पाणावतात आणि काम झाले असे वाटते. याच्या शेजारी केरळ ठेवून पाहावे. नालप्पाट नारायण मेनन यांनी १९२५ मध्ये ‘पावंगळ’ या नावाने हीच कादंबरी मल्याळममध्ये आणली, तीही ऐसपैस, खंडांमध्ये. मल्याळम गद्याला त्या भाषांतराने वळण दिले असे तिथे मानतात, आणि डाव्या चळवळीतल्या एका पिढीच्या वाचनात त्याला मानाचे स्थान आहे. पुस्तक एकच, पण एका भाषेत ते चळवळीच्या कपाटात गेले आणि दुसऱ्या भाषेत संस्कारांच्या.

यात नावाचाही वाटा आहे. ‘मिझराब्ल’ हा फ्रेंच शब्द दुधारी आहे. त्याचा एक अर्थ हलाखीत पिचलेला, दुसरा अर्थ नीच, बदमाश. ह्यूगो स्वतः एके ठिकाणी म्हणतो, की एका टप्प्यानंतर दुर्दैवी आणि बदनाम या दोहोंना मिळून एकच शब्द उरतो, आणि मग तो विचारतो की दोष कोणाचा. ‘दुःखी’मध्ये ही दुसरी धार नाही. दुःख ही मनाची अवस्था. ते श्रीमंतालाही होते आणि त्यासाठी कोणाला जबाबदार धरावे लागत नाही. ‘अभागी’ म्हटले तर सगळा भार नशिबावर जातो. ‘गांजलेले’ त्यातल्या त्यात बरे, कारण गांजणारा कोणीतरी आहे हे त्या रूपातच येते. पण मराठीत नेमका दुधारी शब्द आहे, आणि तो रोजच्या बोलण्यातला आहे: दळभद्री. ज्याच्या घरी दाणा नाही तोही दळभद्री, आणि ज्याला तोंडावर हिणवायचे तोही दळभद्री. गरिबीलाच शिवी करून टाकणारा हा शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कोणी घालणार नाही हे खरे. पण ह्यूगोने फ्रेंचमध्ये घातला तो असाच शब्द. वाचकाने तो उच्चारताना थबकावे, आपण ही शिवी कोणाकोणाला देतो ते आठवावे, हा त्यामागचा बेत.

आता घाबरलेल्यांनी ओळखलेल्या त्या आरोपाचा पुरावा पाहू, कारण भावुकतेचा ठपका असलेल्या या पुस्तकात पुरावा आकड्यांत आहे. पावाच्या चोरीला पाच वर्षे आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांना चौदा, मिळून एकोणीस वर्षांनी वालज्याँ सुटतो तेव्हा त्याच्या हातावर तुरुंगातल्या मजुरीचे १०९ फ्रँक १५ सू पडतात. त्याच्या हिशेबाने १७१ फ्रँक यायला हवे होते. रविवार आणि सणांच्या सुट्ट्यांची कपात त्याने धरली नव्हती, बाकीचेही इकडेतिकडे कापले गेले. मुलीला दुसऱ्याकडे ठेवून राबणाऱ्या फाँतीनची दुर्दशा तर निव्वळ खातेवही आहे. मुलीला सांभाळण्याचे ती महिना सहा फ्रँक देऊ करते, खानावळवाला थेनार्दिए सातावर अडून बसतो, मग बारा, मग पंधरा. इकडे ती शिवणकाम करते त्याचे दिवसाला बारा सू मिळतात. तुरुंगाचा ठेकेदार कैद्यांकडून स्वस्तात काम करून घेऊ लागतो आणि बाहेरचा दर नऊ सूवर येतो, सतरा तासांच्या कामाला. केस विकले दहा फ्रँकना. पुढचे दोन दात चाळीस फ्रँकना. त्यानंतर शंभर फ्रँकची मागणी येते, आणि विकायला काय उरले हे तीच सांगते. फाँतीन पाय घसरून पडत नाही. जमेची बाजू कमी होत जाते आणि खर्चाची वाढत जाते, त्या दोन ओळींमधल्या फटीत ती पडते. संक्षेप करणारा सहसा हे आकडे काढून टाकतो आणि कापलेले केस ठेवतो. केसांनी रडू येते. आकड्यांनी रडू येत नाही, पण केस कोणी कापायला लावले ते आकडेच सांगतात.

हा ताळेबंद यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागेल असे वाटत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ती नोंद झालेली पहिली शेतकरी कुटुंबाची आत्महत्या मानली जाते आणि त्या दिवशी आता अनेक ठिकाणी अन्नत्याग केला जातो. त्यानंतर या जिल्ह्याचे नाव दर हंगामात याच कारणाने वर्तमानपत्रांत येत राहिले. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. पण कापसाचे गणित तेच राहिले: बियाणे, खत, फवारणी, वेचणी यांचे दर ठरवणारा दुसरा, कापसाचा भाव ठरवणारा तिसरा, मधली उधारी कृषी केंद्राची नाहीतर सावकाराची. माणूस गेल्यावर त्याच्या मरणाचीही छाननी होते आणि फाइलवर दोहोंपैकी एक शब्द पडतो: पात्र किंवा अपात्र. १ लाख रुपयांच्या मदतीसाठी जमीन कुटुंबाच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवाना असलेल्या सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा कागदावर हवा. राबणारी बाई असेल आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल, तर ती शेतकरीच ठरत नाही. कादंबरीतला पोलीस अधिकारी जाव्हेर याला हे काम दिले असते तर त्याने ते चोख केले असते. तो दुष्ट नाही. कागदाबाहेरचा माणूस त्याला दिसत नाही, एवढेच.

वालज्याँच्या पिवळ्या परवान्यालाही इथे जोडीदार आहे. सुटलेल्या कैद्याने गावोगावी तो दाखवायचा आणि त्याची खबर लागताच खानावळीने दार लावायचे, हा वालज्याँचा कादंबरीतला पहिला प्रसंग. इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हाच परवाना जन्मापासून कपाळावर मारला. ज्यांच्यावर ही नोंद आणि हजेरी लादली गेली त्यांना काही करण्याआधीच गुन्हेगार ठरवले गेले. कायदा १९५२ मध्ये गेला. संशय गेला नाही, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही पारधी बेड्यावर ऐकायला मिळते. आणि कायदाच गुन्हा कसा घडवतो हे तर या जिल्ह्याने मुद्दाम करून दाखवले आहे. वणीचे बापूजी अणे यांनी जुलै १९३० मध्ये पुसदच्या जंगलात राखीव कुरणातले गवत कापले आणि शिक्षा भोगली. गवताच्या पेंढीसाठी तुरुंग, पावाच्या लादीसाठी तुरुंग. फरक एवढाच की एकाला सत्याग्रही म्हणून हार पडले आणि दुसरा नुसताच दळभद्री राहिला.

पहिला आक्षेप असा येईल, की पंधराशे पानांचे पुस्तक कापूस वेचून आलेल्या माणसाने वाचायचे कधी? गुरुजींनी ते सोपे आणि लहान केले हे उपकारच नव्हेत का? आहेतच, ‘दुःखी’ नसते तर हे नाव हजारो घरांत पोचले नसते. गुरुजींचे अश्रू बिनकामाचेही नव्हते. खानदेशातल्या शेतकरी-कामगारांसाठी ते लढले, तुरुंगात गेले, १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. त्यांच्या रडण्यापाठोपाठ कृती येत असे. वाचकाने मात्र रडणे तेवढे घेतले. राहता राहिली लांबी. ज्या गावात वर्षाला सप्ताह बसतो आणि सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण होते, तिथे लांबी ही सबब चालत नाही. गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या हा तरी विस्तारच. विषयांतराचेही तसेच. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे निरूपण, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. बुवा लांबण लावतात म्हणून श्रोते उठून जात नाहीत, कारण निरूपणाशिवाय आख्यान म्हणजे नुसती गोष्ट, हे त्यांना ठाऊक असते. ह्यूगोची गाळली जाणारी पाने हा त्याचा पूर्वरंग आहे. आपण त्याचे फक्त आख्यान घेतले.

त्यातले सगळ्यांत बदनाम पान गटारांचे. नायक मारियुस नावाच्या जखमी तरुणाला पाठीवर घेऊन भुयारी गटारात उतरतो आणि ऐन त्या क्षणी ह्यूगो गटारांचा इतिहास सांगत बसतो. इंग्रजी वाचकांना अशा जागा इतक्या नडल्या की १९७६ च्या एका नावाजलेल्या अनुवादात मठांवरचे आणि चोरांच्या बोलीवरचे निरूपण उचलून सरळ परिशिष्टात टाकले गेले. गटारांच्या त्या प्रकरणाची सुरुवात मात्र वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पहिल्या वाक्यापासून धरून ठेवील. पॅरिस शहर दरवर्षी अडीच कोटी फ्रँक पाण्यात टाकते, असे ह्यूगो म्हणतो, आणि हे रूपक नव्हे, हेही बजावतो. शहराची विष्ठा नदीत जाते. तीच शेतात गेली तर जमीन पिकेल. फ्रेंच साहित्यिकांना या विषयाची शिसारी आली. मराठीत त्या वस्तूचे नावच सोनखत आहे. तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त भक्तीच्या बरोबरीने ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र अध्याय मिळतात, आणि गाडगेबाबांनी तर खराट्यापासूनच कीर्तन सुरू केले. या प्रदेशातल्या वाचकाला घाणीवरचे प्रकरण विषयांतर वाटण्याचे कारण नाही. अन्न शहराकडे जाते, कस नदीला जातो आणि खताची गोणी विकत आणावी लागते, हे ज्याचे वार्षिक गणित आहे त्याच्यासाठी तो कथेचा गाभा आहे.

दुसरा आक्षेप फ्लोबेरचा, आणि तो टाळता येणार नाही. ही माणसे खरी वाटत नाहीत. वालज्याँ फारच थोर, फाँतीनची मुलगी कोझेत फारच गोड, योगायोग फारच सोयीचे. हे मान्य करायला हवे. पण यातून पुस्तक पडत नाही. माणसे रंगवण्यात ह्यूगो सैल आहे, यंत्रणा रंगवण्यात तो काटेकोर आहे. तुरुंगातल्या स्वस्त मजुरीने बाहेरच्या शिवणकामाचा दर कसा पडतो, हे समजायला फाँतीन हुबेहूब असण्याची गरज नाही. प्रस्तावनेत त्याने आपला दावा स्पष्ट केला आहे: कायदा आणि रूढी जोवर माणसांना जिवंतपणी नरकात लोटत राहतील, तोवर अशी पुस्तके निरुपयोगी नाहीत. टॉलस्टॉयसारख्या कठोर परीक्षकाने ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात स्वतःच्या बऱ्याचशा लेखनाला बाजूला काढले आणि श्रेष्ठ कलेच्या मोजक्या उदाहरणांत ही कादंबरी घेतली, ती शैलीसाठी नव्हे. उलट बाजूचा दाखला अमेरिकेचा. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेत, रिचमंडला, या कादंबरीची जी आवृत्ती निघाली तिच्यातून गुलामगिरीविरुद्धचा मजकूर काढून टाकला होता. सैनिकांनी ती आवडीने वाचली, गहिवरले असतील, आणि पुन्हा गुलामगिरी टिकवायला लढले. अश्रू आले म्हणजे आरोप पोचला, असे होत नाही.

यवतमाळला अश्रूंच्या या अपुरेपणाचा जवळचा अनुभव आहे. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरले होते. जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा भरले, अध्यक्ष अरुणा ढेरे. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने वादळ उठले, आणि अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर एकटीने घर उभे ठेवणाऱ्या बाईने. साहित्याच्या व्यासपीठावर फाँतीन स्वतः बोलायला उभी राहिली, असे म्हणावेसे वाटते. पण तेवढे म्हणून थांबणे हेही पुन्हा केसांसाठी रडणे होईल. तिसरा आक्षेप इथेच उभा राहतो: पुस्तक नीट वाचल्याने कोणाचे कर्ज फिटते का? फिटत नाही. पण कर्ज कसे चढले ते बोलायची भाषा मिळते. ती नसेल तेव्हा नशीब, दारू, हळवे मन अशी कारणे पुढे केली जातात आणि हिशेबाची वही मिटली जाते.

ह्यूगोने हेही दाखवून ठेवले आहे, संक्षेपात न सापडणाऱ्या एका पानावर. या कादंबरीत आत्महत्या करतो तो कर्जबाजारी नव्हे, कायद्याचा माणूस: जाव्हेर. नदीकडे जाण्याआधी तो पोलीस चौकीत बसतो आणि नोकरीच्या भल्यासाठी म्हणून दहा मुद्दे लिहून ठेवतो. ना पश्चात्ताप, ना प्रार्थना. कैद्यांच्या बारीकसारीक हालांची यादी. त्यात एक मुद्दा विणकामाचा आहे: धागा सुटला की कैद्याच्या मजुरीतून दहा सू कापतात, हा ठेकेदाराचा जुलूम आहे, कापड त्याने काही वाईट होत नाही. कापूस निगमाच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत, हे ज्या जिल्ह्याला तोंडपाठ आहे, तिथे हे पान कोणी गाळू नये. आयुष्यभर कागदाचा गुलाम असलेल्या माणसाने शेवटी एकदा कागदाच्या पलीकडे पाहिले, आणि त्याला दिसले ते दहा सू. पुढे वालज्याँ वर्तमानपत्रात त्याच्या मृत्यूची बातमी वाचतो. जाव्हेरने लिहून ठेवलेला तो कागद वरिष्ठांनी वाचला होता. वाचून त्यांचे मत झाले, की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा.